मिरजेचा सिग्नल आणि ओली गोधडी

शर्मिलाने लवूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो मेलेला होता.

निदान वैभववाडीजवळच्या तिच्या गावाचं तसं एकमत झालं होतं, आणि त्या गावात कशावरही एकमत व्हायची ती पहिलीच वेळ. तिच्या बाबांच्या काजूच्या बागेत, रुळांच्या जरा वर, एक परका माणूस पालथा पडला होता. तोंड गवतात, पाय फाकलेले, पाठीवरून मुंग्यांची मिरवणूक चाललेली. बघता बघता निम्मा तालुका जमला; उरलेला निम्मा रिक्षा मिळेना म्हणून खोळंबला होता. पोलीस पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. एका म्हाताऱ्याने हा आपल्या मेहुण्याचा झील, म्हणजे मुंबईचा मुलगा, असल्याचं नुसत्या टाचांवरून ओळखलं. एका बाईने ओळखदेख नसताना रडायला सुरुवात केली, कारण पुढे गर्दी वाढली की रडायला नीट जागा मिळत नाही. दोघे जण बांबू तोडायला गेलेदेखील. शर्मिला तेव्हा कणकवलीच्या कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. तिने उभ्या जन्मात प्रेत पाहिलं नव्हतं, म्हणून ती सगळ्यांत पुढे उभी होती.

एवढ्यात वळणापलीकडून गाडीचा भोंगा वाजला आणि प्रेत ओरडलं, "बाजूक व्हा रे! फोटोत येतास!"

रडणारी बाई जी पळाली ती भुईबावडा घाट चढून थेट कोल्हापूर जिल्ह्यात शिरली असं सांगतात. पोलीस पाटलांची टोपी नंतर एका फणसावर सापडली. प्रेताला मात्र कशाचीच पर्वा नव्हती. ते कोपरांवर उठलं, पोटाखालचा कॅमेरा त्याने डोळ्याला लावला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत खटाखट फोटो काढले. मग उभं राहून अंगावरच्या मुंग्या झाडल्या, कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं आणि समोर एकटीच उरलेल्या शर्मिलाला म्हणालं, "तुमची ओढणी इली मधे."

"गाडी कसली होती?" शर्मिलाने विचारलं. दुसरं काही सुचेना.

"मालगाडी. पण जोड इंजिनाची."

लोक 'पण सोन्याची' म्हणतात तसं तो 'पण जोड इंजिनाची' म्हणाला. शर्मिला तिथेच जराशी घसरली. तिच्या बाबांनीही चौकशी करून लग्नाला होकार दिला. "मेलेलो माणूस उठान बसलो," ते म्हणाले. "असो जावय टिकाव असता." तो फोटो अजून घरात आहे. दोन इंजिनं, पाऊण डबा आणि बाकी सगळी पिवळी ओढणी.

लवूचं गाव कांदळवाडी, मालवणच्या किनाऱ्याला, खाडीच्या तोंडाशी. मालवणच्या बाजारात त्याचं नळ, पाइप, तोट्या यांचं दुकान. सोमवार ते शनिवार तो अगदी माणसासारखा वागे. अडचण एवढीच होती की मालवणला रेल्वे नाही. रेल्वे कुडाळला. त्यामुळे दर रविवारी कोंबडा आरवायच्या आत लवूची मोटारसायकल कुडाळच्या रस्त्याला लागलेली असे. तिथे त्याला मितेश भेटे. मितेश कुडाळच्या एमआयडीसीत कामाला होता, आणि त्याच्या कॅमेऱ्याची नळी पिकून जून झालेल्या दुधीभोपळ्याएवढी होती. दोघे मिळून कुठल्या तरी डोंगरावर, पुलाखाली किंवा कुणाच्या तरी भातशेतीच्या बांधावर पडून राहत.

लग्नानंतर पहिल्या वर्षी शर्मिलाही हौसेने गेली. तिला वाटलं होतं, गाड्या बघायच्या म्हणजे गाड्या दिसतील. प्रत्यक्षात गाड्यांची वाट बघायची असते. गाडी येते, दोघे धापा टाकत फोटो काढतात, आणि मग पुढची येईपर्यंत गेलेल्या गाडीविषयी बोलतात. शर्मिलाकडे छत्री धरायचं काम होतं. छत्री तिच्यावर नाही, कॅमेऱ्यावर. एकदा कणकवलीच्या पुढे चिखलात बसून ती पोळीभाजी खात होती. लवूने तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत इतक्या प्रेमाने "काय रंग आसा गो!" म्हटलं की ती लाजली. मागून डिझेलचं इंजिन गेलं. त्यानंतर ती घरी राहू लागली. दहा वर्षं झाली, तिने आपला नवरा रविवारी उजेडात पाहिला नव्हता.

मग रुळांवर विजेच्या तारा आल्या. देशाची प्रगती झाली, पण लवू आणि मितेशच्या घरात सुतक पडलं. कुठूनही फोटो काढा, इंजिनाच्या कपाळावर तार. दर दोन बोटांवर खांब. काळा धूर सोडत घाट चढणारी ती डिझेलची इंजिनं हळूहळू गेली, आणि मितेशने एका रविवारी तारेचा फोटो काढून त्याला हार घातला.

लवूचं मन जुन्या वस्तूंकडे वळलं ते तेव्हापासून. त्याला हाताचा सिग्नल हवा होता. उंच लोखंडी खांब, वर लाल पट्टीचा हात. हात आडवा असला तर गाडीने थांबायचं, खाली पडला तर जायचं. कोकणात रेल्वे आली तीच मुळी दिव्यांचे सिग्नल घेऊन, त्यामुळे तसला हात इथे कुणी पाहिलेला नव्हता. शेवटी मिरजेकडच्या एका भंगारवाल्याकडे तो सापडला. लवू आणि मितेश टेम्पो घेऊन घाट चढले आणि दुसऱ्या दिवशी खांब घेऊन उतरले. खांबाचं टोक टेम्पोच्या बाहेर होतं आणि त्याला लाल फडकं म्हणून शर्मिलाचा टॉवेल बांधलेला होता.

ज्या गावात रेल्वे यायची सात पिढ्या शक्यता नाही, त्या गावात रेल्वेचा सिग्नल उभा राहिला. लवूच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, माडाच्या शेजारी. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी त्याने दांडा बसवला आणि दांड्यापासून खांबापर्यंत जाड तार ओढली. कोंबड्या अडकू नयेत म्हणून तार खांद्याएवढ्या उंचीवर घेतली. दांडा ओढला की तार ताणली जाई आणि वर 'ठक्' करून हात पडे. सोडला की वजनाने परत आडवा होई.

"हेचो उपयोग काय?" शर्मिलाने विचारलं.

"गाडी इली तर कळतला," लवू म्हणाला.

"खंयची गाडी?"

"कुडाळची."

आणि खरोखरच, रविवारी मोबाइलवर बघून कुडाळहून मांडवी एक्सप्रेस सुटली की लवू इकडे कांदळवाडीत हात पाडी. गाडी पुढे गेली की हात आडवा करी. मधल्या वेळात तो खांबाला तेल देई, लाल रंगावर पांढरा पट्टा ओढी, पुली घाशी. शर्मिलाने वरवर पुष्कळ थट्टा केली, पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. लवू रविवारी घरी होता. दुपारी पाटावर बसून समोर जेवत होता. एकदा म्हणाला, "सोलकढी बरी झाली हां." दहा वर्षं दर रविवारी सोलकढी बरीच होत होती, पण ते सांगायला कुणी नव्हतं. संध्याकाळी दोघं खळ्यात बसून गजाली करू लागली. त्यातल्या निम्म्या सिग्नलच्या असत, पण निम्म्या नसत. तो कुरूप खांब शर्मिलाला आवडू लागला.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा धुण्याने केला.

एवढी चांगली, ताणलेली, उन्हातली तार घरात असताना सुंभावर कपडे कोण वाळत घालील? लवूने बजावलं होतं, "तारेक हात लावू नको हां गो." म्हणून रविवारी ती लावत नसे. बाकीचे सहा दिवस लवू दुकानात असे.

पहिली साक्ष मिळाली ती शेजारच्या राधाबाईंना. त्या आपल्या पायरीवर बसून, मुंबईचा मुलगा यंदा जत्रेला येतो की नाही याची काळजी करत होत्या. समोर सिग्नल. राधाबाईंनी सहज मनात म्हटलं, येणार असेल तर काहीतरी दाखव रे देवा. आणि कुणीही दांडा न ओढता वरचा हात 'ठक्' करून खाली पडला. मुलगा जत्रेला आला. येताना मिक्सर घेऊन आला.

मग काय! कुणाची म्हैस चुकली, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाचा सातबारा, जो तो येता जाता खळ्याच्या बाहेर चप्पल काढून उभा राहू लागला. खांबाच्या बुडाशी आधी फूल दिसलं, मग नारळ, मग कुणाची तरी अगरबत्ती. गावाने नियमही शोधून काढले. सकाळी हात पडतो, दुपार कलली की हळूहळू वर जातो, म्हणून चांगलं काम सकाळी विचारावं. रविवारी देवाची सुट्टी.

लवू चक्रावला. दर रविवारी तो शिडी लावून वर चढे, पुली तपासे, वजन तपासे, काही सापडत नसे. "आपोआप पडता कसो?" तो मितेशला फोनवर विचारी. मितेश म्हणे, समुद्राच्या हवेने असेल. शर्मिलाला उलगडा झाला तो एका मंगळवारी. लवूची भिजलेली जाड पँट तिने तारेवर टाकली, वर 'ठक्' झालं आणि कुंपणापलीकडे राधाबाईंनी हात जोडले. शर्मिलाने पँट उचलली. हात वर. पँट टाकली. हात खाली. राधाबाईंनी थेट साष्टांग नमस्कार घातला.

शर्मिला घरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. लवूला सांगायचं तिने ठरवलं होतं, पण सांगितलं असतं तर धुणं परत सुंभावर गेलं असतं. शिवाय दुसऱ्या दिवशी राधाबाई आपलं कुंपण जरा अलीकडे, म्हणजे लवूच्या जागेत, सरकवावं काय असं सिग्नलला विचारायला आल्या. शर्मिला शांतपणे बाहेर आली आणि तारेवरचे सगळे टॉवेल तिने काढून नेले. हात आडवा. कुंपण जागच्या जागी राहिलं.

यात दुखावले गेले ते दाजी गुरव. रवळनाथाच्या देवळात कौल लावण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडची पडली तर हो आणि डावीकडची पडली तर नाही. पण आता देवळाकडे कुणी फिरकेना. सिग्नलवाला देव लांबूनही दिसत होता, वर आवाजही करत होता. पौषातल्या एका रविवारी सकाळी दाजी मानकऱ्यांना घेऊन लवूच्या खळ्यात आले.

"देवाचो गुरव मी आसंय," ते खुर्चीत बसत म्हणाले. "ह्या खांबाचो गुरव कोण? एका गावाक दोन कौल चलाचे नाय. खांब हलव."

"दाजीनु, ह्यो सिग्नल आसा," लवू कळवळून म्हणाला. "लोखंड आसा नुसता!"

"लोखंडाक कमी लेखू नको," मागून कुणीतरी म्हणालं.

"देवाक इचारलास?" दुसऱ्याने विचारलं.

"काल कौल लावलंय," दाजी म्हणाले. "डावी नाय, उजवी नाय. पाकळी हलूकच तयार नाय. म्हणजे देव सांगता, तेचा तेकाच इचारा."

ठरलं. रविवारची सुट्टी मोडून सिग्नललाच विचारायचं, आणि तो सांगेल ते सगळ्यांनी ऐकायचं. लवूने दांडा सोडून हात आडवा केला आणि बाजूला उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. फाटकाशी मितेश कॅमेरा गळ्यात घालून उभा होता. सिग्नल गेलाच तर लगेच कुडाळला निघायला बरं, म्हणून मोटारसायकल त्याने चालूच ठेवली होती.

त्या मोटारसायकलचा आवाज स्वयंपाकघरात शर्मिलाला ऐकू आला. सिग्नल गेला तर पुन्हा कोंबड्याच्या आधी उठणं, पुन्हा एकटीची सोलकढी. खाली हात म्हणजे हो, हे सगळ्या गावाला पाठ होतं. 'खांब राहू दे काय' असंच दाजी विचारणार. तिने घरातली सगळ्यात जाड गोधडी शोधली, हौदात बुडवली आणि पाणी गळत असतानाच दोन्ही हातांत धरून तारेशी येऊन उभी राहिली. पुरुषांची सभा चालू असताना बाई धुणं वाळत घालते, हे कुणाला दिसतच नाही.

दाजींनी डोळे मिटले.

"बा रवळनाथा, बारा वाडयेच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"आज तुझी लेकरा ह्या लवूच्या खळ्यात जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो खांब मिरजेसून इलो. तेका रूळ नाय, गाडी नाय, मास्तर नाय. तरी तो हात हलयता..."

"व्हय म्हाराजा!"

शर्मिलाने गोधडी तारेच्या वर उचलली.

"तर म्हाराजा, तेका हंयसून हलवूचो आसात, तर तेचो हात खाली टाक! हंयच ऱ्हवाचो आसात, तर वर ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!" शर्मिलाही सवयीने ओरडली, आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते तिला कळलं. गोधडी तारेपासून चार बोटांवर थांबली.

आता काहीच करायचं नव्हतं. गोधडी तारेवर टाकायची नाही, एवढंच. पण वीस माणसांना पुरेल इतकं पाणी प्यायलेली ती गोधडी हातात पेलत नव्हती, आणि नेमक्या त्याच वेळी कुंपण ओलांडून आलेल्या राधाबाईंना माणुसकी सुचली.

"गो बाये, भिजलेली गोधडी घेवन उभी कित्याक? दी हंय, मी घालतंय तारेर!"

"नको, राधाबाय!"

"दी गो! हात मोडतले तुझे!"

राधाबाईंनी एक टोक धरलं. शर्मिलाने दुसरं सोडलं नाही. सगळं गाव श्वास रोखून वर हाताकडे बघत होतं आणि खाली दोन बायका दात आवळून गोधडी ओढत होत्या. राधाबाई अंगाने दुप्पट. टोक तारेला टेकलं, वरचा हात जरा थरथरला, "हललो! हललो!" असा गलका झाला. शर्मिलाला एकच उपाय सुचला. तिने जोरात हिसडा मारला आणि अख्खी गोधडी स्वतःच्या डोक्यावरून ओढून घेतली.

पौषातली सकाळ, हौदाचं पाणी. शर्मिला आपादमस्तक कापू लागली. आधी दात, मग खांदे, मग सगळीच. गोधडीखालून 'हू हू हू' असा आवाज येऊ लागला.

"अवसार!" राधाबाई मागे सरल्या. "अवसार इलो गो! शर्मिलाच्या अंगात इला!"

सगळं खळं जमिनीवर बसलं. दाजी खुर्चीतून उठले, हात जोडून पुढे आले. ते बराच वेळ गोधडीतून टपटपणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले.

"सांग म्हाराजा," ते म्हणाले. "खांब काढूचो, काय ऱ्हवांदे?"

"ऱ्हऱ्हऱ्हवांदे!" गोधडी म्हणाली.

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुका काय व्हया, म्हाराजा?"

लग्न झाल्यापासून शर्मिलाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हात जोडून तर नाहीच. गोधडीला एक भोक होतं. त्यातून तिने लवूकडे पाहिलं, मग फाटकाशी थडथडणाऱ्या मोटारसायकलकडे.

"लवून... रविवारी घराकडे ऱ्हवाक व्हया."

"व्हय म्हाराजा!" गावाने एका आवाजात लवूचा रविवार देऊन टाकला.

"कुडाळाक जावचा नाय!"

"व्हय म्हाराजा!" यात लवूचा आवाज सगळ्यांत शेवटी आला. मितेशने वाकून मोटारसायकल बंद केली.

इथे थांबायला हवं होतं, पण देवपणाचीही चटक लागते. "आणि राधाबायचा कुंपण," गोधडी म्हणाली, "आसा थंयच ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा," राधाबाई पुटपुटल्या.

दाजींनी तिच्यावर तांदूळ टाकले, अवसार गेला, माणसं उठली. जाता जाता दाजी तिच्याजवळ थांबले आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाये, पाकळी ओली आसली की चिकटता, सुकली की पडता. तुझा काम उलटा आसा." शर्मिला गारठ्यातही घामाघूम झाली. "भिया नको," ते म्हणाले. "देव आपला काम करता. आपण वायच हातभार लावूचो. पण आजपासून धुणा सुंभार घाल. आणि कोणाक इचारूचा झाला तर माझ्याकडे धाड."

त्या दुपारी लवू पाटावर बसला.

"तुझ्या अंगात खराच इला?" त्याने विचारलं.

"जेव गप," शर्मिला म्हणाली आणि सात वेळा शिंकली.

सिग्नलचा हात पुढच्या पावसात खाऱ्या वाऱ्याने गंजला आणि आडवाच अडकून बसला. लवू आता दर रविवारी घरी असतो. दिवसभर कॉटवर पडून मोबाइलवर मितेशने पाठवलेले गाड्यांचे व्हिडिओ बघतो.